बैठका, बैठं काम आणि बसणं : उतारवयातली हालचाल मोजायचा इतिहास

कोल्हापुरात ‘बैठक’ हा शब्द दोन टोकांना वापरतात. गंगावेस तालमीत एखादा पोरगा शंभर बैठका मारून उठतो तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत असतात. आणि घरी पाहुणे आले की आपण त्यांना बैठकीच्या खोलीत नेतो, तिथं कुणी घाम गाळत नाही. त्यात तिसरी भर ‘बैठं काम’ आणि डॉक्टरांच्या ‘बैठी जीवनशैली’ची. आता तुम्ही प्रश्नावली घेऊन करवीर तालुक्यातल्या एका गावात गेला आहात असं समजा. समोर सत्तरीच्या बाई. तुमचा प्रश्न छापील आहे : “एका सर्वसाधारण दिवशी तुम्ही किती वेळ बसता?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “बसतीय कुठं मी?”

हे उत्तर चुकीचं नाही. मराठीत ‘बसणं’ म्हणजे नुसती शरीराची अवस्था नव्हे. ‘बसून खाणं’, ‘रिकामं बसणं’, ‘घरी बसलाय’ या सगळ्यांत आळसाचा नाहीतर बेकारीचा वास आहे. त्या बाई तीन तास बसून शेंगा फोडतात, पण त्यांच्या लेखी ते काम आहे, बसणं नव्हे. तुमच्या फॉर्मवर मात्र शून्य पडतं आणि पुढे एसपीएसएस त्या शून्याची सरासरी काढतं.

सिनॉप्सिस लिहायला घेतलेले बरेच जण ‘संशोधनाचे साधन’ या मथळ्याखाली एका ओळीत काम उरकतात : आयपॅक प्रश्नावली वापरली जाईल. गाइडही मान डोलावतात, कारण प्रश्नावली प्रमाणित आहे. पण प्रमाणित कुणावर? कोणत्या वयाच्या, कोणत्या कामाच्या माणसांवर? यासाठी थोडा इतिहास बघायला लागतो. तो फार जुना नाही, सत्तरेक वर्षांचाच आहे. आणि त्याची सुरुवात बसमध्ये झाली.

जेरेमी मॉरिस हे इंग्लंडमधले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं हृदयविकाराचे मृत्यू वाढत होते आणि का वाढताहेत ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी घेतल्या, ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन माणसं असायची. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सगळा वेळ सीटवर. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत वर-खाली. दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. बस एक, रस्ता एक, मालक एक, साधारण एकाच सामाजिक थरातली माणसं. फरक एवढाच की एक बसलेला, दुसरा चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत दर वर्षी हजारी २.७ आणि कंडक्टरांत १.९ निघालं. शिवाय कंडक्टरला आजार झालाच तर तो उशिरा आणि कमी जीवघेणा. हा निबंध १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शारीरिक हालचालीच्या साथरोगशास्त्राची सुरुवात बहुतेक पाठ्यपुस्तकं इथूनच करतात.

पण मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो आणि तो वर्गात फारसा शिकवत नाहीत. शंका अशी होती : मुळात जाड माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील तर? मग दोष बसण्याचा की आधीपासूनच्या देहयष्टीचा? हजारो माणसांची पोटं मोजत कोण फिरणार! मॉरिस मंडळींनी गणवेशाच्या नोंदी मागवल्या. कंपनी कर्मचाऱ्यांना पँटी शिवून द्यायची, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप रजिस्टरात होतंच. १९५६ साली तो निबंध छापून आला. ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा खरोखरच मोठ्या होत्या, आणि तरुण वयापासूनच मोठ्या होत्या. म्हणजे शंका अगदीच फोल नव्हती. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षावर तीन वर्षांत आपणच प्रश्नचिन्ह लावायचं आणि तेही शिंप्याच्या मापांवरून! पीएच.डी.च्या व्हायव्हाला कुणी ‘कन्फाउंडिंग’ म्हणजे काय असं विचारलं तर हे उदाहरण सांगा, व्याख्या पाठ करायची गरज पडणार नाही.

आपल्याकडेही अशी नोंदवहीवरची कामं झाली. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेल्या एस. एल. मल्होत्रांनी १९६०च्या दशकात देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांमधला हृदयविकार प्रदेशवार आणि कामवार तपासला. त्यांचा रोख हालचालीपेक्षा आहारातल्या चरबीवर होता, पण पद्धत त्याच घराण्यातली.

आता या पद्धतीत काय सुटतं ते बघा. इथं ‘हालचाल’ थेट मोजलेलीच नाही. माणसाचं पद मोजलं आहे. ड्रायव्हर म्हणजे बसणारा, कंडक्टर म्हणजे हलणारा. पद असेपर्यंत हे चालतं. माणूस निवृत्त झाला की तो नोंदवहीतून गेला आणि हालचालीच्या हिशेबातूनही गेला. ज्यांना कधी पदच नव्हतं, म्हणजे घरातल्या बायका, त्या तर हिशेबात आल्याच नाहीत. म्हातारी माणसं या शास्त्रात उशिरा आली त्याचं हे एक कारण आहे.

नोकरीवरून मोजणं अपुरं पडायला लागलं तसं लक्ष फावल्या वेळाकडे वळलं. कचेऱ्या वाढल्या, सगळेच बसू लागले, मग फरक शोधायचा कुठं? १९७३ साली मॉरिस यांनीच ब्रिटिश सरकारी नोकरांवरचा अभ्यास छापला, ४० ते ६४ वयाचे जवळजवळ १७,००० पुरुष. सोमवारी सकाळी, आधी न कळवता, त्यांच्याकडून मागच्या शुक्रवार-शनिवारी काय काय केलं ते लिहून घेतलं. आधी सांगितलं असतं तर लोक मुद्दाम बागेत खणायला गेले असते! तिकडे अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांना किती जिने चढता, किती चालता, कोणते खेळ खेळता असं विचारलं. या प्रश्नांमागे एक गृहीत आहे. माणसाला काम वेगळं आणि फुरसत वेगळी असते, आणि निरोगी माणूस फुरसतीत व्यायाम करतो.

हे गृहीत आपल्या जमिनीवर आणलं की काय होतं? आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या १४,००० हून जास्त प्रौढांची हालचाल मोजली गेली. निकाल २०१४ साली आले. ५४.४ टक्के लोक ‘निष्क्रिय’ ठरले, आणि फुरसतीत व्यायाम किंवा खेळ करणारे १० टक्क्यांहूनही कमी. रंकाळ्यावर पहाटे फिरणारी मंडळी बघून आपल्याला वाटतं की अख्खं कोल्हापूर चालतंय. ती मंडळी त्या छोट्या भागातली आहेत, आणि बहुतेक पेन्शनवाली आहेत. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येणारी बाई ‘वॉकिंग’ला जात नाही. ती नुसती येते.

महाराष्ट्रात मात्र हालचाल मोजण्याची एक वेगळीच वाट होती आणि ती हृदयापासून नव्हे, पोटापासून निघाली. किती खाल्लं तर माणूस उपाशी नाही म्हणायचं? हे ठरवायचं तर तो किती राबतो ते ठरवायला लागतं. पोषणतज्ज्ञांनी कामाचे तीन वर्ग केले : बैठं, मध्यम आणि जड. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी धरून दारिद्र्याचा अंदाज मांडला. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० असे आकडे धरले. खेड्याचा आकडा मोठा, कारण खेड्यात जड काम करणारे जास्त. म्हणजे देशाच्या दारिद्र्यरेषेत हालचालीचं माप मिसळलेलं होतं, आणि कोण कोणत्या वर्गात ते पुन्हा व्यवसायावरूनच ठरत होतं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या सरासरीवरच हरकत घेतली. एकाच माणसाची गरज दिवसागणिक खालीवर होते, मग सरासरीच्या खाली दिसला की तो उपाशी असं कसं म्हणता, हा त्यांचा मुद्दा. दांडेकरांना तो मान्य नव्हता. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, दांडेकरही साताऱ्याचे. दोघांतला तो वाद १९८०च्या आसपासच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आहे. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तरी वाचा, भाषा कडक आहे.

याच वाटेवर पुढे पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी येतो. १९९३ पासून, पुण्याजवळची सहा गावं, केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांच्यासारखे संशोधक. गरोदर बायका काय खातात याबरोबरच त्या किती राबतात हे इथं मोजलं. आयती प्रश्नावली उचलली नाही. गावातल्या बायकांशी गटात बोलून त्यांच्याच दिवसातली कामं यादीत घेतली, शेतातलं काम, पाणी भरणं, कपडे धुणं, आणि त्यांना वेळेनुसार गुण दिले. २००३ साली छापलेला निष्कर्ष असा की गरोदरपणात ज्यांचं काम जास्त त्यांच्या बाळांचं जन्मवजन कमी.

लंडनच्या बसमधला धडा इथं उलटा पडला ना? हलणारा कंडक्टर वाचला, पण राबणाऱ्या आईच्या बाळाला तोशीस पडली. स्वतःच्या वेगाने, पोट भरलेलं असताना, विश्रांती घेत केलेली हालचाल आणि न थांबता करावं लागलेलं कष्टाचं काम, दोन्ही कॅलरीच्या भाषेत सारखी दिसतात, शरीराला सारखी नसतात. डेन्मार्कचे होल्टरमन आणि इतर संशोधक हल्ली याला ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी पॅराडॉक्स’ म्हणतात.

हे मी गरोदर बायकांवरून म्हाताऱ्यांकडे का आणतोय, तर कोल्हापूरच्या आसपास उतारवयातलं काम याच प्रकारचं असतं. सूनबाई कामावर जातात, लेक एमआयडीसीत, म्हशी सासूच्या वाट्याला. पहाटे धार, डेअरीला दूध घालणं, शेण काढणं, वैरण, परत संध्याकाळी धार. पासष्टीच्या अशा बाईला एका साधनाने मोजलं तर ती ‘अतिसक्रिय’ निघेल आणि तिच्या गुडघ्यांकडे कुणी बघणार नाही. दुसऱ्या साधनाने मोजलं तर ‘निष्क्रिय’ निघेल आणि आरोग्य केंद्रात तिला सल्ला मिळेल, रोज अर्धा तास चाला. या दोन्ही चुका कागदावर होतात आणि भोगायला त्या बाईला लागतात.

म्हाताऱ्या माणसांसाठी खास प्रश्नावली १९९३ साली आली. वॉशबर्न आणि सहकाऱ्यांची ‘पेस’, पासष्ट आणि पुढच्या वयासाठी, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. तिचं मोठेपण हे की घरकाम आणि दुसऱ्या माणसाची देखभाल यांनाही तिने गुण दिले. नातवंड सांभाळणं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला उठवणं-बसवणं, हे मोजण्यालायक ठरलं. पण बागेच्या कामाच्या प्रश्नात उदाहरण दिलंय बर्फ उपसण्याचं! भाषांतर करताना बर्फाच्या जागी ‘अंगण झाडणं’ घातलं की झालं, असं नाही. त्या प्रश्नाचा भार मूळ शब्दांवर ठरलाय. शब्द बदलला की तो भारही तपासून घ्यायला लागतो.

आयपॅकचा जन्म १९९८ साली जिनिव्हात, आणि बारा देशांतला तपासणी-अभ्यास २००३ चा. ती १५ ते ६९ वयासाठी बनवली आहे. तुमचा नमुना ‘६० आणि पुढे’ असेल तर त्यातला मोठा भाग तिच्या कक्षेबाहेर पडतो. सिनॉप्सिसमध्ये हे लिहिलं नाही तर परीक्षक विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीपॅकमध्ये काम, प्रवास आणि फुरसत असे तीन कप्पे आहेत, हे आपल्याला बरं. पण ‘सलग किमान दहा मिनिटं’ ही अट आहे. म्हातारं माणूस सलग काही करत नाही. दोन मिनिटं झाडतं, टेकतं, परत उठतं. २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांतून संघटनेने दहा मिनिटांची अट काढून टाकली, जुन्या छापील फॉर्मांत मात्र ती अजून आहे. फॉर्म छापायला टाकायच्या आधी बघून घ्या.

महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांची माहिती नाहीच असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या अभ्यासात भारतातल्या निवडक राज्यांत महाराष्ट्र होता, आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू इथल्या केईएमच्या केंद्राने पन्नाशीपुढच्या लोकांवर त्याला जोडून काम केलं. त्यानंतरचं मोठं काम म्हणजे लासी. मुंबईच्या आयआयपीएस संस्थेने २०१७-१८ मध्ये पहिली फेरी केली, ४५ आणि पुढच्या वयाची ७२,००० हून जास्त माणसं. त्यात जोराच्या आणि मध्यम हालचालींबद्दल वेगवेगळे प्रश्न आहेत आणि उदाहरणं आपली आहेत : कुदळीने खणणं, हाताने कपडे धुणं, विहिरीचं पाणी शेंदणं. योग-प्राणायामाचा प्रश्न वेगळा. शिवाय चालण्याचा वेग आणि हाताची पकड प्रत्यक्ष मोजली आहे. नवीन फिल्डवर्कला पैसे नसतील तर या माहितीवरही चांगला प्रबंध उभा राहतो.

“सर, सरळ मशीनच लावू की,” असं कुणीतरी म्हणणारच. मशीनचाही इतिहास आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचा पावलं मोजायचा यंत्र-डबा विकायला आला. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारा’. आपल्या मोबाइलमधलं दहा हजारांचं लक्ष्य त्या जाहिरातीतून आलंय, संशोधनातून नव्हे. २०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वयाच्या जवळजवळ १७,००० अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास छापला. दिवसाला २,७०० पावलांवरून ४,४०० वर गेलं तरी मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेना.

ॲक्सेलरोमीटर कमरेला बांधला की तो मिनिटाला ‘काउंट’ देतो. किती काउंट म्हणजे मध्यम हालचाल? अमेरिकेच्या २००३-०४ च्या राष्ट्रीय पाहणीत ही रेघ २,०२० वर ओढली होती. २००९ साली कोपलँड आणि एस्लिगर यांनी म्हाताऱ्या माणसांना ताशी ३.२ किलोमीटरने चालवून रेघ १,०४१ वर आणली. मध्ये १,५०० काउंट पडलेला आजोबा एका रेघेने आळशी आणि दुसरीने तंदुरुस्त! ‘मेट’चंही तसंच. विश्रांतीतला एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू, हे आपण पाठ केलंय. २०२४ मध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळा संग्रह निघाला आणि त्यात तो पाया २.७ धरला. एखाद्या कामाला ८.१ मिलिलिटर लागत असेल तर जुन्या हिशेबात ते २.३ मेट, म्हणजे हलकं. नव्या हिशेबात बरोबर ३ मेट, म्हणजे मध्यम. काम तेच, बाई तीच.

आणि बसणं? २०१२ पासून व्याख्या ठरली आहे : जागेपणी, बसून किंवा रेलून, १.५ मेट किंवा त्याहून कमी. यात खुर्ची गृहीत आहे. कमरेचं यंत्र उभं असणं आणि बसणं यांत गोंधळतं, म्हणून ग्लासगोत बनलेलं ॲक्टिव्हपॅल मांडीवर चिकटवतात. मांडी आडवी झाली की ‘बसला’. पण आपल्याकडे माणसं मांडी घालून बसतात, एक गुडघा वर घेऊन बसतात, उकिडवं बसतात. टांझानियातल्या हाद्झा लोकांवरचा २०२० चा अभ्यास बघा. ते दिवसाचे जवळजवळ दहा तास हालचालीविना असतात, आपल्या शहरी माणसाइतकेच, पण बराचसा वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर, आणि त्या वेळी पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त काम करत असतात. कोल्हापुरी चप्पल शिवणारा म्हातारा कारागीर जमिनीवर बसून आठ तास काढतो. तो सोफ्यावर टीव्ही बघणाऱ्याच्या रकान्यात जायचा का? धार काढताना तर कंबर हलतच नाही, सगळं काम बोटांत आणि मनगटांत. कमरेचं यंत्र म्हणेल, बाई स्वस्थ आहेत.

तर मी काय करा म्हणेन? प्रश्नावली आणि यंत्र दोन्ही घ्या, पण त्याआधी दहा-बारा घरांत पूर्ण दिवस वहीत उतरवा. ‘किती वेळ बसता’ असं न विचारता ‘सकाळी उठल्यापासून सांगा’ म्हणा, आणि प्रत्येक कामाला ते कसं करतात ते विचारा : उभं राहून, ओट्याशी, पाटावर, उकिडवं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाची पद्धत साधारण अशीच आहे. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे. त्याची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. साठीपुढची महाराष्ट्रातली माणसं वेगळी काढा, स्त्रिया आणि पुरुष वेगळे करा, आणि पहाटे चार ते सातचे रकाने आधी उघडा. काम आणि देखभाल यांचे संकेतांक वेगळे आहेत, पण बसून केलं की उभं राहून हे त्यात नाही. तेवढा रकाना तुम्हाला तुमच्या वहीत स्वतः आखावा लागेल.